अनोळखी कविता

मे-जूनचे दिवस. इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत बाके ओळीने मांडलेली असतात आणि सतरा-अठरा वर्षांची मुले ए-लेव्हलच्या इंग्रजी साहित्याचा पहिला पेपर सोडवत असतात. ‘एक्यूए’ या परीक्षा मंडळाचा हा पेपर तीन तासांचा, ७५ गुणांचा आणि तीन भागांचा असतो. पहिल्या भागात शेक्सपिअरचे नाटक. ते मुलांनी दोन वर्षे घोळून घोळून वाचलेले असते. मग पान उलटले की दोन कविता समोर येतात. वर्गात त्या कुणी शिकवलेल्या नसतात, आणि शिक्षकांनाही त्या येणार हे ठाऊक नसते. आधीपासून माहीत असते ते एवढेच, की त्या प्रेमाविषयी असतील, कारण या पेपरचे सूत्रच ‘युगानुयुगांतील प्रेम’ असे आहे. दोन्ही कविता वाचायच्या, त्यांची तुलना करायची आणि तासाभरात निबंध लिहायचा. गुण २५.

या प्रश्नाला शाळेत ‘अनसीन’ म्हणतात, म्हणजे न पाहिलेली कविता. पाठ करून त्याची तयारी होत नाही. गाईड नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही, बाईंनी वहीत उतरवून दिलेले रसग्रहण नाही. हातात फक्त छापील शब्द असतात. ए-लेव्हलला साहित्य शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, हे समजून घ्यायचे असेल तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. बाकीचा सगळा अभ्यासक्रम या तासाभराच्या भोवती उभा आहे.

ए-लेव्हलची परीक्षा १९५१ साली सुरू झाली. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली मुले सोळाव्या वर्षी जीसीएसई देतात आणि पुढची दोन वर्षे ‘सिक्स्थ फॉर्म’मध्ये काढतात. वयाने ही आपली अकरावी-बारावी. मोठा फरक विषयांच्या संख्येत आहे. तिथे बहुतेक मुले फक्त तीन विषय घेतात आणि बाकी सगळे सोडून देतात. त्यामुळे साहित्य घेणारे मूल ते स्वतः निवडून घेते, आणि त्या विषयाला खोल जायला वाव मिळतो. सध्याचा आराखडा २०१५ पासून शिकवला जातो. त्यात किमान आठ साहित्यकृती अभ्यासाव्या लागतात. त्यांतल्या किमान तीन १९०० पूर्वीच्या हव्यात, शेक्सपिअरचे एक तरी नाटक हवे आणि एक कृती २००० नंतरची हवी. नाटक असो की कादंबरी, वाचायची ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आपल्या बारावीच्या ‘युवकभारती’त कादंबऱ्यांचे उतारे असतात. उताऱ्यावरून लेखकाची चुणूक कळते. पण पहिल्या प्रकरणात सहज आलेली एखादी वस्तू पंचविसाव्या प्रकरणात का परत आली, हे उताऱ्यातून कधीच कळत नाही.

न पाहिलेल्या कवितेचा हा खेळ आला कुठून, याची गोष्ट शंभर वर्षे जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी-परीक्षा १९१७ साली सुरू झाली. पुढच्या दशकात आय. ए. रिचर्ड्स नावाचा एक तरुण अध्यापक तिथे एक वेगळाच प्रयोग करू लागला. तो विद्यार्थ्यांच्या हाती छापील कविता देई, पण त्यावर कवीचे नाव नसे की काळ नसे. त्या घरी न्यायच्या, पुन्हा पुन्हा वाचायच्या, मनात येईल ते मोकळेपणाने लिहायचे आणि कागद परत आणून द्यायचे. ही विद्यार्थीमंडळी साधीसुधी नव्हती. बहुतेक जण इंग्रजी साहित्याचीच पदवी घेत होते.

आलेले कागद पाहून रिचर्ड्स थक्क झाला. जॉन डन, जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स, डी. एच. लॉरेन्स यांच्या कवितांना अनेकांनी सरळ नावे ठेवली होती. नाव दिसले असते तर हेच विद्यार्थी त्यांच्यापुढे मान तुकवून उभे राहिले असते. रिचर्ड्स मात्र कुणाला हसला नाही. चुका कशा होतात ते त्याने वैद्याच्या नजरेने तपासले. काहींना कवितेचा साधा शब्दार्थच लागला नव्हता. काहींना कवितेतली एखादी वस्तू पाहून स्वतःची जुनी आठवण आली होती आणि ते त्या आठवणीविषयीच लिहीत बसले होते. काहींच्या मनात आई, मृत्यू, देव, मातृभूमी या शब्दांना ठरलेले उमाळे होते. शब्द दिसला की उमाळा आला, मग कविता प्रत्यक्षात काय म्हणते ते वाचायची गरजच उरली नाही. काहींचे आपल्या श्रद्धेशी कवितेतल्या श्रद्धेचे जुळले नाही, म्हणून कविता वाईट. १३ कविता आणि त्यांवरचे हे अभिप्राय यांचे पुस्तक ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या नावाने १९२९ साली निघाले.

आपण काय वाचतो आणि काय वाचले असे समजतो, यांतले अंतर इतक्या उघडपणे त्याआधी कुणी मांडले नसावे. रिचर्ड्सच्या हाताखाली विल्यम एम्प्सन नावाचा गणिताकडून साहित्याकडे वळलेला एक विद्यार्थी होता. एका शब्दाला, एका ओळीला एकाच वेळी अनेक अर्थ कसे लागतात, यावर त्याने १९३० साली पुस्तक काढले तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. केंब्रिजच्याच एफ. आर. लीव्हिसचे अनेक विद्यार्थी पुढे शाळांमध्ये शिक्षक झाले. त्यांच्या हातून ही वाचनाची रीत विद्यापीठातून शाळेच्या वर्गात उतरली आणि परीक्षेत पक्की बसली.

आता ही रीत प्रत्यक्षात कशी चालते ते जवळून पाहू. उदाहरणासाठी मी स्वतःच दोन ओळी रचतो :

दाराशी उभी आई म्हणाली, परत येऊ नकोस
उशिरा.

शब्दार्थ विचाराल तर काही नाही. उशीर करू नकोस, एवढेच आई सांगते आहे. पण ओळ कुठे तुटली ते पाहा. ‘परत येऊ नकोस’ इथे ओळ संपते आणि क्षणभर वाचकाला वाटते, आईने घराबाहेर काढले. डोळा खालच्या ओळीवर जातो, ‘उशिरा’ दिसते आणि जीव भांड्यात पडतो. मात्र तो धसका पुसला जात नाही. आईच्या साध्या काळजीखाली कुठे तरी तुटण्याची भीती आहे, हे ओळीच्या तुकड्यानेच सांगितले. गद्यात सरळ लिहिले असते तर हे घडले नसते. ‘ओळ मोडल्यामुळे परिणाम साधला’ एवढे लिहिणारे मूल मधल्या पट्टीत अडकते. धसका आणि सुटका ही दोन्ही वाचकाच्या मनात कशी एकामागून एक येतात, आणि सुटका झाल्यावरही धसका का जात नाही, हे ज्याला मांडता येते ते वरच्या पट्टीत जाते.

पट्टी म्हणजे काय तेही सांगायला हवे. निबंध तपासताना परीक्षकाकडे मुद्द्यांची यादी नसते. पाच पातळ्या असतात आणि प्रत्येकीला वर्णनपर शब्द असतात. तळाला असंबद्ध किंवा चुकीचे समजलेले लेखन, मग साधे आणि ढोबळ, मग सरळ आणि विषयाला धरून, त्यावर सुसंगत आणि सखोल, आणि सगळ्यात वर मर्मग्राही आणि आत्मविश्वासपूर्ण. परीक्षक निबंध वाचून तो कुठल्या पातळीचा ते ठरवतो. सोबत पाच उद्दिष्टे असतात : मांडणी आणि भाषा, लेखकाने अर्थ कसा घडवला याचे विश्लेषण, काळ आणि परिस्थितीचे भान, इतर कृतींशी नाते, आणि वेगवेगळ्या अन्वयार्थांची जाण. यांतले दुसरे उद्दिष्ट म्हणजे ‘कसा’ हा प्रश्न. जीसीएसई देऊन आलेल्या मुलांना पहिले सहा महिने सगळ्यात जड जातो तो हाच. कविता काय सांगते ते ती सांगू शकतात. ती कशी सांगते, तिथे पेन अडते.

तिसरे उद्दिष्ट जास्त फसवे आहे. काळाचे भान म्हणजे निबंधाच्या सुरुवातीला राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या स्त्रियांच्या स्थितीवर एक परिच्छेद ओतायचा, असा अनेकांचा समज असतो. आपल्याकडेही ‘कवी-परिचय’ लिहून पहिले अर्धे पान भरायची सवय आहे. ती माहिती खरी असते, पण कवितेला तिचा स्पर्श होत नाही. चांगला शिक्षक अशा परिच्छेदावर रेघ मारून एकच विचारतो : हे तुला कुठल्या शब्दात दिसले? काळ शब्दातच दिसला पाहिजे. याचे माझ्या माहितीतले सगळ्यात सुंदर उदाहरण ‘ऑथेल्लो’मध्ये आहे, आणि ते एम्प्सननेच दाखवून दिले आहे.

व्हेनिसच्या सैन्यातला कृष्णवर्णी सेनापती ऑथेल्लो, त्याची पत्नी डेस्डिमोना, आणि बढती डावलली गेलेला निशाणबरदार इयागो, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. देवलांचा ‘झुंजारराव’ १८९० सालचा. शेक्सपिअरने या नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून ५२ वेळा वापरले आहेत. साऱ्या नाटकात सगळ्यात खोटा माणूस इयागो, आणि सगळे जण त्यालाच ऑनेस्ट म्हणतात. इथवर कुणालाही दिसते. एम्प्सन पुढे जातो. १९५१ साली, म्हणजे ए-लेव्हल सुरू झाली त्याच वर्षी निघालेल्या आपल्या पुस्तकात तो दाखवतो, की त्या काळात या शब्दाचे तीन-चार पदर होते. एक, खरे बोलणारा. दुसरा, मोकळ्या मनाचा, दिलखुलास गडी. तिसरा, वरच्या माणसाने खालच्याविषयी काढलेला पाठ थोपटणारा उद्गार. आणि बाईबद्दल वापरला की अर्थ एकच, शीलवती.

मराठीत यासाठी ‘प्रामाणिक’ पुरत नाही. मला जवळचा वाटतो तो ‘सरळ’. ‘माणूस सरळ आहे’ म्हणजे खोटेपणा करणार नाही. ‘सरळ आहे हो बिचारा’ म्हणजे याला फारसे कळत नाही, आणि बोलणारा त्याच्यापेक्षा वर बसला आहे. ‘बाई सरळ आहे’ म्हटले की रोख थेट चारित्र्यावर जातो. आता नाटकाकडे वळा. साहेबलोक इयागोला ‘सरळ’ म्हणतात तेव्हा ते त्याची स्तुती करतात आणि त्याच शब्दाने त्याला त्याची पायरीही दाखवतात. बढती मिळाली ती कॅसिओला; इयागोच्या वाट्याला आले ते हे विशेषण. त्याच्या द्वेषाला किती कारणे असतील ती असोत, पण हा शब्द पुन्हा पुन्हा त्याच्या कानावर पडतो, हे शब्द मोजणाऱ्या वाचकालाच जाणवते. तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशात कॅसिओ सरळ माणूस आहे ना, असे ऑथेल्लो त्याला विचारतो. इयागो उत्तर देत नाही. तोच शब्द प्रश्न करून परत टाकतो. आरोप कुठलाच नाही, पण ऑथेल्लोच्या मनात विष उतरले. थोड्याच वेळात तोच शब्द डेस्डिमोनाबद्दल येतो, आणि तिथे त्याचा अर्थ बदललेला असतो.

समाजातली उतरंड, स्त्रीच्या शीलाची मालकी, सैन्यातले मानापमान असा सगळा काळ एका विशेषणात सापडतो. मग राणी एलिझाबेथवरचा परिच्छेद लिहावा लागत नाही.

याच नाटकात मुलांना आणखी एक गोष्ट शोधायला लावतात. ऑथेल्लो बोलतो ते भारदस्त छंदात. व्हेनिसच्या सभेपुढे तो आपली बाजू मांडतो तेव्हा त्याची वाक्ये ओळीमागून ओळ संथ वाहतात. चौथ्या अंकात संशयाने पोखरलेला हा माणूस झटका येऊन कोसळतो, आणि कोसळण्याआधी त्याचे बोलणे छंद सोडून तुटक गद्यात उतरते. छापील पानावर हे डोळ्यांनीच दिसते, कारण ओळी समासापर्यंत धावू लागतात. माणूस मोडला हे कुणी रंगमंचावर येऊन सांगत नाही. एखाद्या मुलीला हे कुणी न सांगता स्वतः दिसते, तेव्हा त्या वर्गात काय घडत असेल याची कल्पना करताना मला आजही हेवा वाटतो. शाळेत मी छंद शिकलो ते मात्रा मोजण्यासाठी. छंद मोडला तर काही म्हणायचे असते, हे कुणी सांगितले नव्हते.

इथे एक जुना धागा आपल्याकडेही येतो. इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत फार उशिरा बसला. ऑक्सफर्डने त्याला स्वतंत्र स्थान दिले ते १८९४ साली. तोवर मुंबई विद्यापीठाला ३७ वर्षे झाली होती आणि आपले पदवीधर शेक्सपिअर, मिल्टन वाचून बाहेर पडत होते. आगरकरांचा ‘विकारविलसित’ हा ‘हॅम्लेट’चा अनुवाद १८८३ सालचा. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे, की राज्यकर्त्यांनी हा विषय भारतात आधी रुजवला तो इथल्या मनांवर पकड बसावी म्हणून. हेतू तो होता, हे मान्य. पण ज्यांच्या हाती ती पुस्तके पडली त्यांनी त्यांचे काय केले, हेही पाहिले पाहिजे. आगरकर ते वाचून आज्ञाधारक झाले नाहीत.

अलीकडच्या काळात मात्र इंग्लंडमध्येच या विषयाची पटसंख्या रोडावली. २०२२ साली इंग्रजी साहित्य ए-लेव्हलच्या सर्वाधिक पसंतीच्या दहा विषयांतून पहिल्यांदाच बाहेर पडले, आणि त्याची जागा भूगोलाने घेतली. गणित मात्र पहिल्या स्थानावर आहे. २०२४ मध्ये त्याला एक लाखाहून अधिक मुले बसली. नोकरीची चिंता, विज्ञानाकडचा सरकारी ओढा ही कारणे उघड आहेत. पण शिक्षक आणखी एक कारण सांगतात. जीसीएसईच्या २०१५ नंतरच्या आराखड्यात मुलांना पुस्तक न उघडता परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे अवतरणे पाठ करण्यातच दोन वर्षे जातात आणि सोळाव्या वर्षीच वाचनाचा वीट येतो. हे कारण मला पटते. घोकंपट्टीने कवितेचे काय होते, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

म्हणूनच अभ्यासक्रमातला शेवटचा भाग मला मोलाचा वाटतो. एकूण गुणांपैकी २० टक्के परीक्षेबाहेरच्या लेखनाला असतात. ‘एक्यूए’च्या आराखड्यात विद्यार्थी दोन कृती निवडतो, त्यांतली एक १९०० पूर्वीची, आणि स्वतः ठरवलेल्या प्रश्नावर सुमारे २,५०० शब्दांचा तुलनात्मक निबंध लिहितो. ‘फ्रँकेन्स्टाइन’शेजारी एखादी आजची कादंबरी ठेवायची, आणि प्रश्न आपला आपण शोधायचा. सतराव्या वर्षी उत्तराआधी प्रश्न तयार करायला बसणे ही सोपी गोष्ट नाही. पहिला प्रश्न हमखास फार मोठा असतो, ‘दोन्ही कादंबऱ्यांतील समाज’ असा. मग शिक्षकांशी बोलत, खोडत, तो एखाद्या खोलीवर, एखाद्या पत्रावर, एखाद्या न उच्चारलेल्या नावावर येऊन थांबतो.

आणि पाचवे उद्दिष्ट, वेगवेगळे अन्वयार्थ. ए. सी. ब्रॅडली या समीक्षकाला १९०४ साली ऑथेल्लो उदात्त नायक दिसला. बिचारा अलौकिक धूर्ताच्या जाळ्यात सापडला. लीव्हिसला १९३७ साली तो स्वतःच्याच प्रतिमेवर भाळलेला माणूस दिसला, ज्याला पाडायला इयागोला फारसे कष्टही पडत नाहीत. मुलांनी दोघांचे म्हणणे समजून घ्यायचे, आणि मग नाटकातले शब्द कुणाच्या बाजूने बोलतात ते पाहायचे. रंगभूमीवरचे प्रयोग हेही अन्वयार्थच. १९३० साली लंडनमध्ये पॉल रॉबसन या कृष्णवर्णी अमेरिकी नटाने ऑथेल्लो केला, पेगी ॲशक्रॉफ्टसमोर. १९६४ साली लॉरेन्स ऑलिव्हिएने तोंडाला काळा रंग फासून तो केला. १९८७ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये, वर्णद्वेषी राजवटीतच, जॉन कानी ऑथेल्लो झाला आणि गोऱ्या डेस्डिमोनाच्या जवळ उभा राहिला. दिग्दर्शन जॅनेट सझमनचे होते.

ह्यू क्वार्शी या घानात जन्मलेल्या ब्रिटिश नटाने १९९८ साली एक व्याख्यान दिले. काळ्या नटाने ऑथेल्लो केला तर काळा माणूस मुळातच भडक माथ्याचा असतो, या समजुतीवर शिक्कामोर्तब होते. तेव्हा ही भूमिका काळ्या नटांनी करावी का, असा त्याचा सवाल होता. पुढे सतरा वर्षांनी, २०१५ साली, रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या प्रयोगात तोच ऑथेल्लो झाला. दिग्दर्शक होते इक्बाल खान. आणि त्यांनी इयागोच्या भूमिकेतही काळा नट घेतला, लुशियन म्सामाती. दोघेही परके, दोघेही एकाच सैन्यात, एक वर आणि एक खाली. इयागो ऑथेल्लोच्या रंगावर बोलतो तेव्हा आता ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? आणि ऑथेल्लो त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ‘ऑनेस्ट’ म्हणतो तेव्हा?

शिक्षक उत्तर देत नाहीत. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा उघडायला सांगतात.